भिंतीवरचे दोन पॉइंट

हॉकीची काठी त्यांच्या डोक्यात बसली तेव्हा मी कणीक मळत होते. लोक सांगतात तसा नारळ फुटल्यासारखा आवाज झाला नाही. ओलं कापड दगडावर आपटल्यासारखा झाला. वळून पाहिलं तर ते भिंतीला धरून खाली बसत होते, सावकाश, पाटावर बसावं तसे. हातात ओलं फडकं होतं. भिंतीवर फडक्याने पुसल्याचा काळा डाग होता, त्यावर आता लाल ओघळ आला. माझा भाऊ काठी धरून उभा होता. सकाळचे दहा वाजले होते, पंगत बसायला अर्धा तास होता.

"अक्का, मी नाही," भाऊ म्हणाला.

खोलीत आम्ही तिघंच होतो.

"मग कोण, मी? काठी ठेव आणि टांगा बघ."

त्याने काठी ठेवली आणि टांगा बघायला म्हणून जो गेला तो मागच्या दाराने पळाला. टांगा मीच आणला, पिठाच्या हातांनी. टांगेवाला म्हणाला, "बाई, ये तो गए." मी म्हटलं, "तू गाडी हाक, कोण गेलं ते डॉक्टर सांगेल."

त्या दिवशी पंगत बसली नाही. खानावळ काढल्यापासून पहिल्यांदाच.

खानावळ उज्जैनला फ्रीगंजात होती, आता जिथे टावर चौकाची गर्दी असते तिथून चार पावलांवर. नवरा विषमज्वराने गेला, सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही, मीही राहिले नसते. स्वयंपाक येत होता, तेवढ्यावर सुरुवात केली. शिक्षण चौथीपर्यंत. मराठी आणि हिंदी वाचता येत होतं, इंग्रजी नाही. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आईबाप नव्हते, म्हणून माझ्याकडे राहून कॉलेजात जायचा. जायचा म्हणजे हॉकी खेळायचा. फुलबॅक होता. अभ्यासात दगड, पण त्याच्या अंगावरून चेंडू पुढे नेणं कुणाला जमत नसे.

आणि ज्यांच्या डोक्यात काठी बसली त्यांना सगळे नाकेदारसाहेब म्हणत. नाका राहिला नव्हता, पण नाव राहिलं होतं.

संस्थानं होती तेव्हा उज्जैन ग्वाल्हेरकडे. इंदूरच्या रस्त्याला थोडं गेलं की हद्द संपे आणि तिथे जकातीचा नाका होता. रस्त्यावर आडवा बांबू आणि बाजूला हे. वीस वर्षं त्यांनी गाड्या तपासल्या. हातात लोखंडी सळई. कडब्याची गाडी आली की सळई आरपार. धान्याचं पोतं आलं की सळई. एकदा वऱ्हाड चाललं होतं, नवरीची गादी गाडीत. त्यांनी गादीत सळई घातली. बायकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. गादीतून अफूच्या वड्या निघाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?" खानावळीत जेवणारी कॉलेजची मुलं विचारायची.

"गादी मऊ असते. ती नव्हती."

"पण नवरीच्या गादीत हात घालायला लाज नाही वाटली, साहेब?"

"मी हात नाही घातला. सळई घातली."

मग स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन झाली, मध्यभारत नावाचं राज्य झालं आणि नाक्याच्या दोन्ही बाजूंना एकच मुलूख झाला. बांबू कुणी तरी सरपणाला नेला. यांना कॉलेजच्या ऑफिसात बाबू म्हणून बसवलं. पण माणूस नाक्यावरून उठला नाही. इंदूरला जायचं म्हटलं की अजून परमुलखात निघाल्यासारखे कागद बरोबर घेत. देवासची तर एका गावात दोन संस्थानं होती, रस्त्याच्या अल्याड एक, पल्याड एक. त्यांची बहीण देवासला दिलेली. ते म्हणत, "बहिणीकडे जाताना मला वाटेत तीन राजे लागायचे. आता एकही नाही, तरी मी मोजतो."

माझ्याकडे जेवायला आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी तुपाचं भांडं बघायला मागितलं. मी दिलं. वास घेतला. मग म्हणाले, "ताक कुठलं?" मी म्हटलं, "म्हशीचं." म्हणाले, "म्हैस कुणाची?" मी म्हटलं, "जेवायचं असेल तर बसा, म्हशीची सोयरीक जुळवायची असेल तर दुसरीकडे जा." बसले. पण जेवायच्या आधी आपलं ताट शेजारच्या मुलाच्या ताटाशी बदललं. रोज बदलत. मुलांनी एकदा कट केला. त्यांचं ताट सोडून बाकी सगळ्या वाट्यांत तिखट ओतलं. त्यांनी नेहमीप्रमाणे ताट बदललं आणि जेवायला लागले. डोळ्यांतून धारा, पण थांबले नाहीत. मुलं हसून लोळत होती. त्यांनी दुसऱ्या बाजूच्या मुलाच्या वाटीत बोट बुडवून चाखलं, त्याच्या पलीकडच्या वाटीत बुडवून चाखलं आणि म्हणाले, "सगळ्यांना सारखंच आहे. मग तक्रार नाही."

आणखी एक खोड. स्वतःला पोस्टकार्डं पाठवायचे, खानावळीच्या पत्त्यावर. पोस्टमन प्रामाणिक आहे का ते बघायला. कार्डावर एवढंच, 'पोहोचलं का?' पोस्टमन दारातून ओरडायचा, "साहब, आपका खत आया है, आपकी ही तरफ से!" सगळी पंगत हसायची. ते तारीख बघून कार्ड खिशात घालायचे.

लोक म्हणत, वेडा आहे. मला तसं वाटत नव्हतं. जो माणूस इतका संशय घेतो त्याच्या स्वतःच्या गादीत काही तरी असतं, असं मला वाटायचं. मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. कार्डं माझ्या दारात पडत, त्यामुळे मी वाचत असे. ज्याला लपवायचं असेल त्याने पाकीट घ्यावं.

आता हॉकीचं. कॉलेजांची स्पर्धा दर हिवाळ्यात व्हायची. आमच्या गटात सहा कॉलेजं होती. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं. जिंकलं की दोन पॉइंट, बरोबरीला एक. वरचे दोन संघ ग्वाल्हेरला अखेरच्या फेरीला जायचे, तिथे दुसऱ्या गटातले दोन यायचे. निकालाचे कागद भरून ग्वाल्हेरला स्पर्धेच्या सेक्रेटरीकडे पाठवायचं काम ऑफिसात यांच्याकडे आलं, आणि यांनी त्याचा नाका केला.

माझ्या जेवायच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने तक्ता आखला. मी म्हटलं, "भिंत दिवाळीला चुन्याने पोतली आहे." म्हणाले, "म्हणूनच. काळं उठून दिसेल." तक्ता रोज वीस मुलं बघायची, मग मीही बघायला लागले. कुठल्याही सामन्याचा निकाल पेपरात आला म्हणून ते भिंतीवर घेत नसत. जवाबी कार्डं टाकायचे. हल्ली कुणाला माहीत नसेल, दोन कार्डं जोडलेली यायची. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ठेवायचा. समोरच्याने उत्तर लिहून ते फाडून परत टाकायचं. हे एक कार्ड अंपायरला टाकायचे, एक हरलेल्या संघाला. दोघांचं उत्तर जुळलं तरच भिंतीवर आकडा. जुळलं नाही किंवा एकच आलं तर गेरूने प्रश्नचिन्ह.

मुलं मैदानावरून ओरडत यायची, "साहेब, जिंकलो, दोन-एक!"

"दुसरा कोण म्हणतो?"

"अहो, आम्ही खेळून आलोय!"

"तुम्ही एक झालात. दुसरा कोण?"

आणि स्वतः एकही सामना बघायला गेले नाहीत. म्हणत, "डोळ्यांनी पाहिलं की माणूस बाजू घेतो." सामन्याच्या दिवशी स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे. मला हेही खटकायचं. ज्याला खेळ बघायचा नाही तो खेळाचा तक्ता का मांडतो? स्टेशनवर कुणाला भेटतो?

त्या वर्षी हंगाम संपत आला तेव्हा इंदूर सगळ्यांच्या वर होतं, त्यांचं नक्की. दुसऱ्या जागेसाठी आम्ही आणि देवास. आम्ही चार सामने खेळलो होतो. दोन जिंकले, एक बरोबरी, इंदूरशी हरलो. पाच पॉइंट. देवासचे चार. शेवटचा सामना आमचा देवासशीच, शनिवारी, उज्जैनला. बरोबरी झाली तरी आम्ही सहा, देवास पाच. म्हणजे नुसतं गोल होऊ दिला नाही की ग्वाल्हेर.

ग्वाल्हेरला रेल्वेचा एक साहेब यायचा. अखेरच्या फेरीत खेळणाऱ्या मुलांतून दोन-तीन जणांना आपल्या संघासाठी उचलायचा, नोकरी देऊन. भावाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षेत तो पास होईल असं त्यालाही वाटत नव्हतं. आणि राज्यांची पुन्हा मोडतोड होणार, मध्यभारत जाणार, राजधानी भोपाळला होणार अशी रोज चर्चा. पुढच्या वर्षी ही स्पर्धा असेल की नाही कुणी सांगू शकत नव्हतं. तेव्हा भावाला ही एकच संधी होती. मला खानावळ आयुष्यभर चालवायची नव्हती. तो रेल्वेत लागला की क्वार्टर मिळेल, मी तिथे जाईन, असं मी धरून चालले होते.

त्यात एक गोष्ट झाली. आमच्या गटातलं एक लहान कॉलेज होतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. त्यांची अर्धी मुलं आजारी पडली, मास्तरांची बदली झाली आणि त्यांनी स्पर्धा मध्येच सोडली. आमचा त्यांच्याशी सामना आधी झालेला, आम्ही पाच गोलांनी जिंकलेला. देवासचा व्हायचा राहिलेला. आमची मुलं म्हणाली, बरं झालं, देवासचे दोन पॉइंट बुडाले. पेपरातही तक्ता तसाच आला, आम्ही पाच, देवास चार.

त्याच आठवड्यात देवासहून नाकेदारसाहेबांना कार्ड आलं. मी वाचलं. 'तक्ता मिळाला. शनिवारच्या सामन्याबद्दल तुमचं म्हणणं कळलं. आमच्या ध्यानात आहे.' खाली सही, देवासच्या संघाच्या मास्तरांची.

मी ते कार्ड त्यांच्या पाटाजवळ ठेवलं आणि बुधवारी संध्याकाळी भावाला सांगितलं. "तुमचे साहेब देवासला मिळालेत. शनिवारचं काही तरी ठरतंय."

"अक्का, नक्की?"

"मी डोळ्यांनी वाचलंय."

एवढंच मी बोलले. एका कार्डावरून. दुसरा कोण म्हणतो, ते मी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर आले. भाऊ दाराशी काठीला पट्टी गुंडाळत बसला होता. त्यांनी माझ्याकडे फडकं मागितलं, भिजवलं आणि आमच्या रांगेतला पाचचा आकडा पुसायला लागले.

"साहेब, हे काय करताय?"

"दोन काढतोय. तीन राहिले."

"का पण?"

"तो संघ स्पर्धेत राहिला नाही. त्यांच्याशी झालेले सगळे सामने रद्द. बारावा नियम."

"आम्ही पाच गोल मारलेत त्यांना!"

"मारले असतील. मी नव्हतो बघायला."

"पेपरात अजून पाच पॉइंट आहेत आमचे."

"पेपर एक झाला. दुसरा कोण म्हणतो?"

"तुम्हाला तरी दुसरा कोण म्हणतो?" भाऊ उठून आत आला. "सेक्रेटरीचं उत्तर आलंय?"

"कार्ड टाकलंय ग्वाल्हेरला. अजून यायचंय."

"उत्तर आलं नाही आणि तुम्ही पुसताय?"

"उत्तराची वाट बघत बसलात तर शनिवारी बरोबरी करून याल. तुमचे तीन, देवासचे चार. बरोबरीने भागायचं नाही, जिंकायला लागेल. मागे उभं राहू नका. पुढे जाऊन खेळा, कॅप्टनला सांग."

"पुढे जाऊ म्हणजे मागे गोल पडतील. हेच पाहिजे ना देवासला?"

ते पुसतच राहिले.

"देवासला काय लिहिलंत तुम्ही?"

"जे तुला सांगतोय तेच. नियम दोघांना सारखा." पाठ वळवूनच बोलले. फडकं भिंतीवरून फिरत होतं.

मग तो आवाज झाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले आणि म्हणाले, "बच भी सकते हैं." दोन दिवस ते शुद्धीत येत आणि पुन्हा बेशुद्ध होत, बोलले नाहीत. भाऊ कॅप्टनच्या घरी लपला होता. मी सगळ्यांना सांगितलं, पाटावरून उठताना तोल गेला, उंबऱ्यावर पडले. कुणी विश्वास ठेवला नाही. कुणी विचारलंही नाही. सगळ्यांना शनिवार हवा होता, आणि फुलबॅक पाहिजे होता.

शनिवारी दुपारच्या डाकेने कार्ड आलं. जवाबी कार्डाचं दुसरं अर्ध. पत्ता नाकेदारसाहेबांच्याच हातचा, कारण तो आधीच घालून ठेवावा लागतो. मागे दुसऱ्या शाईत हिंदीत दोन ओळी. त्या कॉलेजचे सर्व सामने नियम बाराप्रमाणे रद्द, गुण धरू नयेत. सेक्रेटरी.

मी ते तीनदा वाचलं. मग चुलीवरची डाळ उतरवली, दाराला कडी घातली आणि मैदानावर गेले. बायका तिथे जात नसत. मी गेले. लोक बघायला लागले, मी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांनी बघणं सोडलं.

सामना अर्ध्यावर आला होता, गोल कुणाचाच नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा हॉकी बघत होते, पण एक गोष्ट मलाही कळली. आमची मुलं मागे उभी होती, ते ठीक. त्यांना बरोबरी हवी होती. पण देवासचीही मागेच उभी होती. चेंडू आला की दूर मारायचे आणि पुन्हा मागे. कुणीच कुणाच्या अंगावर जात नव्हतं. शेजारचा एक म्हातारा बोलला, "ये खेल रहे हैं या शादी में बैठे हैं?"

मध्यंतरात मुलं लिंबं चोखत बसली होती. मी सरळ आत गेले आणि भावाच्या हातात कार्ड दिलं.

त्याने वाचलं. कॅप्टनने त्याच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि हसला. "अक्का, हे तर साहेबांचंच अक्षर. त्यांनी पुन्हा स्वतःला कार्ड पाठवलंय."

"पत्ता त्यांचा. उत्तर दुसऱ्याच्या हातचं आहे."

"दुसऱ्याकडून लिहून घ्यायला काय लागतं? बहीण आहे ना देवासला."

"शिक्का बघ."

शिक्का इंग्रजी, तोही अर्धाच उमटलेला. कॅप्टनने उन्हात धरून बघितला. "काहीच कळत नाही. इथलाही असेल." एका मुलाने म्हटलं, "पोहोचलं का?" आणि सगळे हसले.

मी भावाला बाजूला ओढलं. "हसू दे त्यांना. तू मला सांग, देवासला एक पॉइंट कमी आहे ना? मग ती मुलं पुढे का येत नाहीत? त्यांना जिंकायला पाहिजे की नाही? ज्याला पाहिजे तो असा मागे उभा राहतो?"

तो देवासच्या मुलांकडे बघत राहिला. तीही लिंबं चोखत होती, निवांत. त्याला कळलं. मला दिसलं की त्याला कळलं.

"सांग कॅप्टनला," मी म्हटलं.

तो कार्डाकडे बघत होता. ते कार्ड खरं मानलं तर गुरुवारी त्याने ज्या माणसाला मारलं तो माणूस त्याला ग्वाल्हेरचा रस्ता दाखवत होता. खोटं मानलं तर त्याने एका फितुराला मारलं होतं.

"खोटं आहे, अक्का," तो म्हणाला. "तू घरी जा."

मी गेले नाही. शेवटपर्यंत उभी राहिले. भाऊ त्या दिवशी उत्तम खेळला. त्याच्या बाजूने एकही चेंडू गेला नाही, देवासवाल्यांनी पाठवलाही नाही. शून्य-शून्य. शिट्टी झाल्यावर दोन्ही संघांनी उड्या मारल्या. आमच्याकडच्यांनी हार आणले होते. मुलं एकमेकांच्या गळ्यात पडली आणि पलीकडे देवासचीही पडली, तेव्हा आमच्यातली दोघं-तिघं थांबून तिकडे बघायला लागली.

सोमवारी कॉलेजात पत्र आलं आणि पेपरातही आलं. गटातून इंदूर आणि देवास.

मंगळवारी दवाखान्यातून निरोप आला की ते बोलायला लागले आहेत आणि पोलिसांचा जमादार आलाय, तुम्हीही या. घरातून निघताना भाऊ मागच्या खोलीत होता. त्याने काठी मारली, पण ती उचलायला लावणारी मी.

ते उशीला टेकून बसले होते. डोकं पांढऱ्या पट्ट्यांत. डावा कान गेला होता, म्हणून जमादार उजवीकडून ओरडून बोलत होता.

"किसने मारा, साहब?"

"पहले ये बताइए, मैच का क्या हुआ?"

जमादाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबरी."

"दुसरा कोण म्हणतो?"

"पेपर. आणि ग्वाल्हेरचं पत्र. देवास पुढे गेलं."

त्यांनी डोळे मिटले. त्या माणसाने आयुष्यात एकदाच दुसऱ्याच्या उत्तराची वाट न बघता भिंतीला हात लावला होता, तोही ज्यांनी त्यांना मारलं त्यांच्यासाठी. हे मला तेव्हा त्या खाटेजवळ समजलं. आधी समजायला पाहिजे होतं.

"साहब, नाम बोलिए," जमादार म्हणाला. "लड़का था ना कोई? मोहल्ले में सबको मालूम है."

"सबको मालूम है तो सबसे लिखवा लीजिए."

"आपने देखा नहीं?"

"मेरी पीठ थी. आवाज सुनी." मग म्हणाले, "आणि मी पाहिलं असतं तरी मी एक झालो. एकाच्या म्हणण्यावर मी कधी लिहिलं नाही. खोलीत ही बाई होती, हिला विचारा. ही जे म्हणेल ते आणि मी म्हणतो ते जुळलं तर लिहा."

जमादार माझ्याकडे वळला. तेही माझ्याकडे बघत होते, गाडीतल्या पोत्याकडे बघावं तसे. भाऊ कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. कार्डं कोण वाचतं हेही माहीत असावं, कारण त्यांचं कार्ड मी नेहमी उलटं ठेवत असे, पत्ता वर, आणि देवासचं कार्ड आलं त्या दिवशी विसरले होते.

"बोलो बाई."

"मी कणीक मळत होते," मी म्हटलं. "माझी पण पाठ होती."

"आवाज?"

"पडल्याचा आला. उंबऱ्यावर पडले."

खोटं बोलले. आज विचाराल तरी तेच सांगीन.

जमादाराने कागद मिटला. जाताना तो म्हणाला, "दोनों की पीठ थी, तो दीवार ने मारा होगा." नाकेदारसाहेब हसले नाहीत. मला म्हणाले, "बाई, चारला लापशी आणा. इथली पातळ असते."

त्यांनी भावाला वाचवलं की नियम पाळला, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बरे होऊन पुन्हा माझ्याकडेच जेवायला आले आणि भावाशी आधी बोलत तसंच बोलत राहिले, म्हणजे कामापुरतं. भाऊ त्यांच्या पंगतीला बसत नसे. रेल्वे गेली. तो परीक्षेत नापास झाला आणि कापडाच्या मिलमध्ये लागला. काठी त्याने पुन्हा हातात धरली नाही. त्या दिवाळीच्या सुमारास मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश झाला, नाकेदारसाहेबांची भोपाळला बदली झाली. तक्ता मी चुन्याने पोतून काढला, तीन हात दिले तेव्हा गेला.

काठी बसल्यावर ते एकोणीस वर्षं जगले आणि बहिणीकडे देवासला म्हातारपणाने वारले. भाऊ मिलच्या धुळीने छाती भरून पन्नाशीच्या आत गेला. मी उज्जैनलाच नानाखेड्याला त्याच्या मुलाकडे राहते.